पुंटीपिशीचा मासन्याय

गोपाल नावाचा माणूस आमच्या वरेंद्री प्रदेशाचा राजा झाला, तेव्हा तिकडे पुंड्रनगर शहरात म्हणे हत्तींना केळी चारली. आमच्या हांसदहावर, तळ्याकाठच्या गावात, ती बातमी पोचली तेव्हा एक म्हातारी घरी जाऊन पडून राहिली. नवा राजा आला की कुणाचं ना कुणाचं काहीतरी जातंच. पण जायचं ते पुंटीचं जावं, याचं आजही हसू येतं.

पुंटी म्हणजे बोटाएवढा चंदेरी मासा. जाळ्यात आला तरी कुणी आनंदाने ओरडत नाही, निसटला तरी कुणी हळहळत नाही. पोरगी जन्मली ती इतकीशी होती, म्हणून बापाने तिचं नाव पुंटी ठेवलं. केस पिकले तरी ते बदललं नाही. सासर तिचं करतोया नदीच्या पलीकडे होतं. नवरा माणसं पैलतीरी पोचवायचा. तो काळ असा, की दर चार गावांना एक राजा, आणि दर राजाला शेजारच्या राजाचं डोकं हवं. कुणा एकाच्या सैनिकांनी तिच्या नवऱ्याला होडी काढायला लावली आणि पलीकडे दुसऱ्या राजाचे तिरंदाज टपून बसले होते. होडीही परत आली नाही आणि नवराही नाही. त्या दोघांपैकी कुठल्या राजासाठी आपला माणूस गेला, हे पुंटीला कधी कळलं नाही. पुढचा पावसाळा लागायच्या आत ते दोन्ही राजे मेले होते.

ती माहेरी आली. माहेरी परतलेली बाई ही साऱ्या गावाची आत्या होते, आणि आत्याला आमच्याकडे पिशी म्हणतात. भावाने तिला घरात घेतलं. मग एका तापाच्या साथीत भाऊ आणि भावजय दोघंही गेली आणि त्यांचा मुलगा लहुक तिच्या पदरात पडला. तिने त्याला भाताच्या पेजेवर वाढवलं, पोहायला शिकवलं, लग्न करून दिलं. पुढे त्याचे खांदे दारातून तिरके घालावे लागत.

पण पुंटीचं नाव झालं ते मासन्यायामुळे, म्हणजे आमच्या मासे वाटायच्या रीतीमुळे. हांसदहावर बहुतेक घरांकडे जाळ्याचं एक पान, म्हणजे लांब पट्टा, असे. पहाटे सगळी पानं एकमेकांना जोडायची, एकच मोठं जाळं करायचं आणि सगळ्यांनी मिळून ओढायचं. पानं जोडायचं काम कंकाचं. कंकाचे डोळे लहानपणीच देवीच्या रोगात गेले होते, पण त्याच्या बोटांनी घातलेला जोड कधी सुटला नाही. मासे काठावर आले की त्यांचे वाटे लावायचे, तेही केळीच्या पानांवर. हे वाटे कुणी लावायचे? तर ज्याचं स्वतःचं जाळं पाण्यात नाही त्याने. आधीचा म्हातारा वारला तेव्हा गावची चार वडीलधारी माणसं पुंटीच्या दारी आली. म्हणाली, ‘‘तुला नवरा नाही, मुलगा नाही, जाळं नाही. तूच बस.’’ दुसरीकडे हेच सांगून बाईला मंगलकार्यातून उठवतात. आमच्याकडे तिला घाटावर मानाने बसवलं.

ती वाटे लावायची आणि मग सगळ्यांकडे पाठ फिरवायची. मागून कुणीतरी एका वाट्यावर हात ठेवून विचारी, ‘‘पिशी, हा कुणाचा?’’ ती न बघता एक नाव घेई. ज्याचं नाव, त्याचा तो वाटा. मग पुढचा. पहिली नावं बिनजाळ्याच्या घरांची असत: आंधळा कंक, नवरा मेलेली सोनका, अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल ते. मग जाळ्यावाले. सगळ्यांत शेवटी लहुक, आणि लहुकनंतर उरेल ते तिचं स्वतःचं. लहुक आपला, म्हणून शेवटी. त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही.

तर एका बाजाराच्या दिवशी दवंडीवाला आला. होडीतून उतरायचेही कष्ट त्याने घेतले नाहीत. उभ्या उभ्या ढोल बडवला.

‘‘ऐका हो ऐका! सगळ्या सामंतांनी एकमताने गोपालाला राजा केलंय! आजपासून मत्स्यन्याय संपला! यापुढे जो मत्स्यन्यायाने वागेल त्याला राजाचा दंड होईल हो!’’

आणि गेला पुढच्या गावाला. घाटावर माणसं टोपल्या टाकून गोळा झाली.

‘‘काय म्हणाला? मासन्याय संपला?’’

‘‘मत्स्य म्हणाला. शहरात माशाला मत्स्य म्हणतात, म्हणजे तोंडाला वास येत नाही.’’

‘‘पण आपला मासन्याय राजाला कळला कसा?’’

‘‘कुणीतरी चहाडी केली असणार. त्या पलीकडच्या गावाच्या डोळ्यांत आपण कधीचे खुपतोय.’’

‘‘नवा राजा बुद्धाला मानतो म्हणे. माशांची दया आली असेल त्याला.’’

‘‘मग ‘धरू नका’ म्हणाला असता की! हा म्हणतो, धरा, पण वाटू नका. ही कसली दया?’’

कंक आपला जाळ्याच्या ढिगावर बसून हसत होता. ‘‘पुंटे, भाग्यवान आहेस गं. राजाने गादीवर बसून अजून विडासुद्धा खाल्ला नसेल, तोवर तुझं नाव त्याच्या कानावर!’’

‘‘चेष्टा पुरे, कंका. दंड म्हणाला तो.’’ पुंटीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ‘‘मी काय वाकडं केलं रे त्याचं?’’

तिने मांडलेली केळीची पानं एकावर एक ठेवली, गुंडाळली आणि काखेत मारून घराकडे चालू लागली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, राजा कुठे बघायला येतोय. पण राजाच्या माणसांपुढे ‘नाही’ म्हणता न आलेला एक माणूस तिने एकदा गमावला होता. आता सगळं गाव तिला गमवायचं नव्हतं.

दुसऱ्या पहाटे जाळ्याची पानं जोडली गेली नाहीत. वाटेच नाहीत तर एकत्र ओढायचं कशाला? ज्याने त्याने आपापलं पान पाण्यात टाकलं. ज्याचं मोठं त्याला मासे, ज्याचं आखूड त्याला शेवाळ. लहुकचं पान साऱ्या गावात लांब होतं. त्याने ते स्वतः सूत कातून वाढवत नेलं होतं, आळस म्हणून त्याला माहीत नव्हता. त्याच्या होडीत रोहू मावेनात. आठवडाभरात त्याच्यासारखे दोघेतिघे तळ्यातली चांगली जागा धरून बसले आणि बाकीचे त्यांच्या मागे उरलेलं गाळू लागले. वादावादी झाली, एकाचं डोकं फुटलं. आमच्या घाटावर माशावरून रक्त सांडल्याचं त्याआधी कुणाला आठवत नव्हतं.

आणि पुंटी? ती जन्मात जेवली नव्हती असं जेवत होती. लहुक रोज कटला माशाचं डोकं आणून तिच्यापुढे ठेवी. ‘‘पिशी, आयुष्यभर लोकांचे वाटे लावलेस आणि उरलंसुरलं खाल्लंस. आता बस. मोहरी लावून करायला सांगितलंय, खा पोटभर.’’ ते तो इतक्या मायेने म्हणे की तिला नाही म्हणवत नसे. सूनही वारा घालायला बसे. पण घास तोंडात फिरायचा. तिच्या दारातून सोनकाची चूल दिसत होती. सोनका कमळाचे देठ उकडत होती, कालही तेच उकडत होती.

एका दुपारी पुंटीने ते डोकं पानात बांधलं, पदराखाली घेतलं आणि कंकाच्या झोपडीत गेली. जोडायला पानं नव्हती, त्यामुळे कंक रिकाम्या हातांनी बसला होता. त्याला तसं कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

‘‘कटला आहे,’’ वास घेऊन तो म्हणाला. ‘‘हा वाटा आहे की भीक?’’

‘‘माझ्या घरचा आहे रे. खा मुकाट्याने.’’

‘‘मग भीकच. वाटा असता तर साऱ्या घाटासमोर माझं नाव घेतलं असतंस. ‘हा कुणाचा?’ ‘कंकाचा.’ रोज सकाळी ते ऐकलं की मला वाटायचं, आहे बाबा, मी या गावात आहे अजून.’’ त्याने पानाची गाठ न सोडता ते तिच्याकडे सरकवलं. ‘‘पदराखालून आणलंस ना? मला दिसत नाही, पण तू कशी चालत आलीस ते ऐकू आलं.’’

पुंटीला रडू फुटलं. कंक गडबडला. हात चाचपडत तो म्हणाला, ‘‘अगं, तुला नव्हतो बोलत. राजाला बोलत होतो.’’

‘‘मग त्यालाच बोलू,’’ पुंटी नाक पुसत म्हणाली. ‘‘तो नाही तर त्याचा तो ढोलवाला. माझा गुन्हा काय तो तर कळू दे. ऊठ.’’

अशी ती दोघं निघाली. तिच्या काठीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं कंकाच्या. करतोयेच्या उतारावर दवंडीवाले जेवायला थांबतात, एवढंच तिला ऐकून माहीत होतं. वाटभर कंक तिला चिडवत होता, की लोक म्हणतील म्हातारपणी पळून चाललीत. ती म्हणाली, ‘‘पळून जायचं होतं तर तरुणपणी म्हणायचं होतंस.’’ तो म्हणाला, ‘‘तरुणपणी तुझं लग्न ठरलं तेव्हा घाटावर बातमी मी सगळ्यांच्या नंतर ऐकली. आंधळ्याला कोण आधी सांगतो?’’ पुंटीने काठी जरा घट्ट धरली.

दवंडीवाला खरंच तिथे होता. फोड आलेले पाय पाण्यात सोडून तो भिजवलेला शिळा भात खात होता. ढोल बाजूला उताणा पडला होता. पुंटीने वाकून हात जोडले.

‘‘बाबा, हांसदहाची पुंटी ती मीच. राजाला माझ्यावर कशाचा राग आला, तेवढं सांग.’’

त्याचा घास हातातच राहिला. ‘‘कोण पुंटी?’’

तिने सगळं सांगितलं. वाटे, पाठ फिरवणं, नावं. मग त्याची दवंडी. तो इतका हसला की त्याला भाताचा ठसका लागला, आणि कंकाने अंदाजाने त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

‘‘आत्याबाई, तुमचं नावही कुणी ऐकलेलं नाही तिथे! अहो, मत्स्यन्याय म्हणजे बळी तो कान पिळी. मोठा मासा लहानाला गिळतो ना, तसं मोठा राजा लहान्याला, बळकट माणूस दुबळ्याला. ते संपलं, असं ओरडत होतो मी. हे मला ओरडायला शिकवणाऱ्याने समजावलंय म्हणून ठाऊक. नाहीतर मीही माशांचंच काहीतरी समजलो होतो.’’

पुंटीचा जीव भांड्यात पडला, पण तोंड वाकडंच राहिलं. ‘‘हे नाव कुणी ठेवलं रे? मरळीची लाल पिल्लं कधी पाहिलीत का त्याने? आई खाली, बाप खाली, वर पिल्लांचा ढग. दोघं खाणंपिणं सोडून राखण करतात. गिळतात म्हणे!’’

‘‘ते मी काय सांगू? मी ढोल वाजवतो.’’

‘‘बरं, हा तुमचा राजा कसा झाला? कुणाला मारून?’’

‘‘तीच तर गंमत. कुणाला मारून नाही. ज्यांच्याजवळ तलवारी होत्या ते एकमेकांना मारून दमले, आणि एका जागी बसून म्हणाले, ह्याला करू. त्याने मागितलं नव्हतं, यांनी दिलं.’’

‘‘आणि उद्या परत घेतलं तर?’’

दवंडीवाल्याने खांदे उडवले. ‘‘सगळे ऐकतात तोवर राजा. पण ऐकतायत खरं. यंदा मी पहिल्यांदाच मार न खाता एवढा फिरलोय.’’

परत येताना पुंटीच्या मनातली राजाची भीती गेली होती, पण आता तिला दुसरं दिसत होतं. राजाने जे संपवलं तेच तिच्या गावात त्याच्या नावाने सुरू झालं होतं, आणि त्यात सगळ्यांत पुढे तिचा लहुक होता.

कंकाच्या तोंडून गावभर ही हकिगत व्हायला कितीसा वेळ लागणार! बायका हसून हसून लोळल्या. पुरुषही हसले, पण जाळ्याची पानं जोडायला कुणी आणून टाकली नाहीत. लांब पानवाल्यांनी तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लहुक अंगणात जाळं वाळत घालत होता. ‘‘आता राजा काय म्हणाला नि काय नाही, त्याचं काय? जाळं माझं आहे, पिशी. सूत माझं, हात माझे. मी चोरी करतो का?’’

‘‘नाही रे.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. उद्या सकाळी मी घाटावर पानं मांडणार आहे. तुला सांगून ठेवते.’’

‘‘दंडाची भीती घाल. ‘राजाने असं करणाऱ्याला दंड सांगितलाय’ म्हण. येतील सगळे धावत,’’ लहुक फणकारला.

‘‘भीतीने आणलेल्या माशांचे वाटे मला नाही लावायचे.’’

लहुकने जाळं खाली टाकलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला. ‘‘तुला ठाऊक आहे का, शेवटी उरलेला वाटा कसा असतो? सगळे चांगल्यावर आधी हात ठेवतात. उरतो तो चेपलेला, मऊ पडलेला. मी पहिल्यांदा जाळं ओढलं त्या दिवसापासून माझं नाव शेवटी. पोरं हसायची, ‘पिशीचा लाडका, शेपटीचा धनी.’ मी कधी बोललो नाही. पण एकदा, पिशी, एकदा तरी मधे कुठे माझं नाव घ्यायचं होतंस.’’

पुंटी उभी होती ती खाली बसली. आपल्या माणसाला शेवटी ठेवलं की न्याय होतो, असं ती आयुष्यभर समजत आली होती. ज्याला ठेवलं त्याला तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण लहुक जाळं उचलून आत निघून गेला होता.

सकाळी उजाडता उजाडता तिने घाटावर पानं मांडली. हिरवीगार, धुतलेली, रिकामी. होड्या परतत होत्या. माणसं उतरत होती, आपापल्या टोपल्या घेऊन लांब उभी राहत होती. कुणी जात नव्हतं आणि कुणी जवळही येत नव्हतं. पुंटीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, हात जोडले, आणि नेहमीसारखी पाठ फिरवून उभी राहिली. समोर नुसतं बांबूचं बन होतं. मागून कुणी विचारलं नाही तर तिच्याजवळ घ्यायला एकही नाव नव्हतं. तिच्याकडे ना ढोल, ना तलवार. आपण म्हातारपणी गावासमोर हसं करून घेतलं, असं तिला वाटू लागलं.

मग काठी टेकत कुणीतरी आलं. पानावर हात फिरल्याची सळसळ झाली.

‘‘पुंटे, हा कुणाचा?’’

‘‘कंका, पान रिकामं आहे रे.’’

‘‘असू दे. कुणाचा ते सांग.’’

‘‘कंकाचा,’’ ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

‘‘मिळाला,’’ कंक म्हणाला आणि रिकाम्या पानापुढे मांडी घालून बसला. जणू त्यावर रोहूच वाढला होता. कुणी हसलं नाही. सोनका दुसऱ्या रिकाम्या पानापाशी आली. ‘‘हा कुणाचा, पिशी?’’ ‘‘सोनकाचा.’’ ‘‘मिळाला.’’

तिसऱ्या पानापाशी कुणी आलं नाही. पुंटी वळली नाही. वळून बघायचं नाही हाच तर मासन्याय.

पाठीमागे काहीतरी जड पानावर आदळलं. आणि परत. ओल्या शेपट्या फडफडल्या. मग दुसऱ्या बाजूने एक टोपली उपडी झाली, मग आणखी एक, आणि बायकांचा गलका उठला, ‘‘अरे, सगळे एकाच पानावर नको, एकाच पानावर नको!’’ पहिली टोपली कुणी ओतली हे तिने पाहिलं नाही. तिला ते कुणाला विचारायचंही नव्हतं. बिनजाळ्याची नावं झाली. आता जाळ्यावाल्यांची पाळी होती.

‘‘पिशी, हा कुणाचा?’’

आवाज लहुकचा होता. तो स्वतःच विचारत होता, म्हणजे आपलं नाव शेवटी येणार हे तो धरूनच चालला होता. पुंटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाठ फिरवलेली होती, तेवढं बरं.

‘‘लहुकचा,’’ ती म्हणाली.

बाकी जाळ्यावाल्यांची नावं तर अजून सगळी राहिली होती.

‘‘माझा?’’ लहुकने विचारलं.

‘‘तुझा रे बाबा. उचल.’’